आखाजीतला हेल

कूलरच्या टाकीत वर्षातून पहिल्यांदा पाणी सोडलं की एक वास येतो. जुन्या वाळ्याचा, गंजाचा, उन्हात तापलेल्या पाइपचा. तो वास आला की मी ओळखते, आखाजी आली. पंचांग नंतर उघडलं तरी चालतं. बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो. आमच्या खान्देशात तिची आखाजी होते आणि लेकी माहेरी येतात. निंबाला झोका बांधला जातो, मुली गौराईपुढे गाणी म्हणतात, पुरुषमाणसं सावली धरून पत्ते कुटतात आणि बाया भर उन्हात चुलीशी बसून खापरावर परातीएवढ्या पुरणपोळ्या टाकतात. दिवस लेकींचा, तसाच पितरांचा. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा. एकाच दिवशी अंगणात झोका आणि कोपऱ्यात घागर. लहानपणी मला ह्यात काही वेगळं वाटलं नाही. आता वाटतं, म्हणजे वय झालं.

यंदाही आमच्या गल्लीत झोका बांधलाय. दुपारी मात्र अमळनेर झोपतं. मी ह्या गावात मराठी शिकवण्यात जन्म घालवला; निवृत्त झाल्यापासून दुपारी झोपायचा सराव करते आहे. अजून नीट जमत नाही. कूलरच्या घरघरीत डोळा लागतो न लागतो, तोवर वरच्या खोलीतून आवाज येतोय असं वाटतं. लांब, उंच, कुठेही न थांबणारा. दचकून उठते. वर कोणी नसतं. झोक्याची दोरी कुरकुरत असते, नाहीतर पाण्याची मोटार बंद करायची राहिलेली असते. पण दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला तो आवाज आमच्या घरात खराच होता, आणि अर्धवट झोपेत तो अजून तिथेच राहतो. मी त्याला उठवत नाही.

आवाज जयूचा. जयश्री तिचं नाव, पारोळ्याजवळच्या खेड्यातली. अकरावी-बारावी तिने आमच्या वरच्या खोलीत राहून केली. तेव्हापासून मला बाई म्हणते. ती आंघोळीला गेली की अर्ध्या गल्लीला फुकटात गाणं मिळायचं. पुढे पुणं, पुढे परदेश, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, मी ऑपेरा गाते.

"म्हणजे नेमकं काय करतेस?" मी विचारलं.

"माइक न लावता मोठ्याने गाते, बाई."

"ते तर तू आमच्या न्हाणीघरातही करायचीस."

ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. हसतानाही तिचा आवाज फेकला जायचा, त्याला ती तरी काय करणार.

त्या वर्षी ती आखाजीला आली ती एका कार्यक्रमासाठी. हल्ली ती असे कार्यक्रम खूप करते. शुद्ध ऑपेरा ऐकायला जाणते लोक लागतात, भारी तिकीट लागतं, इस्त्रीचे कपडे लागतात. ह्या कार्यक्रमांना मैदान असतं, रंगीत दिवे असतात, सिनेमाच्या ढंगाची गाणी असतात, एखादं भक्तिगीत असतं, आणि मधेच ऑपेरातलं एक गाणं. आजीने बसावं, नातीनेही बसावं, आणि उठून जाताना कोणाला आपण अडाणी आहोत असं वाटू नये. तिच्या तिकडच्या गुरुबाईंना हे मुळीच पसंत नाही. विद्या बाटवते आहेस, म्हणतात. मी जयूला विचारलं तर ती म्हणाली, "मिसळ आहे ही, बाई. मटकी तीच, वरून फरसाण. लोक फरसाणासाठी येतात आणि मटकी खाऊन जातात."

सकाळी ऊन चढायच्या आत ती वरच्या खोलीत सरावाला बसायची. पंखा बंद, कूलर बंद. वारा लागला तर गळा धरतो म्हणे. आधी नुसते ओठ फुरफुरवायची, मग तोंड मिटून गुणगुण, मग एकेक पायरी चढत सूर वर. शेवटी तो आवाज सुटायचा आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं थरथरायची. शेजारच्या काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी कठड्यावरून वाकून हळूच विचारलं, "बाई, वर कोणाला बरं नाही का?"

"छे हो, सराव चाललाय."

"कशाचा?"

मी म्हटलं, कुरडया छान पडल्यात. गाण्याचा म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

कार्यक्रम ठरवला होता नानांनी. नाना कापसाचे व्यापारी, आमच्याकडच्या उत्सव मंडळाचे सर्वेसर्वा; मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. खान्देशची लेक परदेश गाजवून आली, असे फलक त्यांनी जयू यायच्या आधीच चौकाचौकात लावले होते. आमच्या ओसरीवर ताकाचा पेला हातात धरून त्यांनी चौकशी केली.

"बाई, हे ऑपेरा म्हणजे गाणं का नाटक?"

"दोन्ही. नाटकच, पण सगळं गाऊन."

"मग तमाशाच म्हणा की!"

जयूला हे फार आवडलं. "अगदी बरोबर, नाना. फक्त आमच्यात शेवटी बाई मरते."

नाना एकदम गंभीर झाले. "मरू नका बुवा. सण आहे."

मग त्यांनी आपली अडचण सांगितली. आखाजीच्या दिवसांत माणूस पत्त्यांवरून उठत नाही. त्याला उठवून मैदानावर आणायचं म्हणजे ओळखीची गाणी हवीत. तुमचं ते ऑपेराचं एकच ठेवा, लहानसं. आणि त्याआधी लोकांना बाई समजावून सांगतील. अशा रीतीने सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, पण घरात एक विषय कोणी काढत नव्हतं. जयूची आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आदल्या पावसाळ्यात, साध्या तापाचं निमित्त होऊन. जयू तेव्हा कुठल्याशा थंड देशात होती. ती पोचेपर्यंत थांबता येणार नव्हतं. येऊन काय करशील, असं वडीलच फोनवर म्हणाले, आणि ती आली नाही. आईनंतर ती पहिल्यांदा घरी आली ती त्या आखाजीला.

आमच्याकडे रीत अशी की माहेरचं माणूस गेल्यावर लेक पहिल्यांदा येते तेव्हा उंबऱ्याशी हेल काढते. हेल म्हणजे सुरात रडणं. एक लांब ओढ, तिच्यात गेलेल्या माणसाला हाक, मग त्याची एकेक आठवण, पुन्हा ओढ. तिचा हेल ऐकला की घरातली दुसरी बाई आपला हेल देते. रडणारीला एकटी रडू द्यायचं नाही, हा त्यातला नियम. माझं माहेर धुळ्याचं. कोणी गेल्यावर मावशी आली की आई आणि ती गळ्यात गळे घालून अशा रडायच्या की मला वाटे, घर बुडालं. थोड्या वेळाने त्याच दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत खिदळायच्या. मी आणि माझी बहीण दाराआड त्यांची नक्कल करायचो. आई म्हणायची, हसा बायांनो, तुमच्यावर वेळ येईल तेव्हा गळा सापडायचा नाही. तिचं हे बोलणं त्या वेळी कानाआड गेलं.

जयू गावी पोचली तेव्हा भावकीतल्या बाया ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या. पुढे मोठी माय. मोठी माय म्हणजे जयूच्या थोरल्या काकांची बायको. गावात कोणाचंही मयत असो, पहिला हेल तिचा असतो. जयूला बघताच तिने सूर धरला, म्हणजे पोरीला वाट करून दिली. आणि जयू हातात बॅग घेऊन उंबऱ्याशी उभीच राहिली. कोरडी. बाया थांबल्या, पुन्हा सूर धरला, पुन्हा थांबल्या. शेवटी कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळ्या पदर सावरत उठल्या. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, "आंडेर रडनी नही." लेक रडली नाही. आणखी एक जण म्हणाली, परदेशात जाऊन पोर दगड झाली. जयू ते ऐकून होती. दोन दिवसांनी सरावाचं निमित्त काढून ती आमच्याकडे आली.

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट लहान वाटेल. गावात ती लहान नव्हती. लेक रडत नाही तोवर आईचा पाय घरातून निघत नाही, असं बाया धरून चालतात. मग आखाजीला तुम्ही घागर भरा की घास टाका, पोचायचं कुणाला? जयूचा ह्यावर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेली गोष्टही माणसाला लागते, आणि तिला ती चांगलीच लागली होती.

त्या दिवसांतल्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त आठवतात. ऊन कलल्यावर गच्चीवर पाणी मारायचं. तापलेल्या फरशीतून वाफ निघायची. निंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास यायचा. खाली मुली गौराईची गाणी म्हणत असायच्या आणि जयू कठड्याला टेकून त्यांच्यात आपला सूर मिसळायची. पहिल्या दिवशी तिने गळा मोकळा सोडला तर मुली घाबरून गप्पच झाल्या. मग ती आवाज लहान करायला शिकली. मोठा आवाज लावायला तिला फारसे कष्ट पडत नसत. लहान करताना तिच्या कपाळावर घाम यायचा. मी कैऱ्या चिरत ऐकायची. ते दिवस कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे मला आज सांगता येणार नाही. सगळ्या मिळून एकच लांब संध्याकाळ होती असं वाटतं.

अशाच एका वेळी ती आपण होऊन बोलली.

"बाई, ज्या दिवशी आईचा फोन आला, म्हणजे आई गेल्याचा, त्या दिवशी माझा प्रयोग होता. मी गायले. आम्हाला पहिल्यापासून शिकवतात, रडू आलं की गळा बंद होतो. रडायचं ते ऐकणाऱ्याने. तू श्वास सांभाळ. मी सांभाळला. तेव्हापासून तो सुटतच नाही."

मी पुढची कैरी चिरायला घेतली.

"आणि खोटं खोटं रडायचं मला जमणार नाही. स्टेजवर मी मरतेसुद्धा. पण आईच्या उंबऱ्यावर नाटक नाही करणार. त्या म्हणोत दगड."

मी तिच्यापुढे कैरीची फोड धरली. तिला तिखटमीठ जास्त लागतं, तेवढं मला माहीत होतं. बाकी तिच्या दुःखावर माझ्याकडे काही नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मैदान भरलं. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, त्यामागे दुचाकींवर बसलेली तरुण मंडळी, कडेला भेळ आणि उसाच्या रसाच्या गाड्या. पत्ते सोडून माणसं आली, हे नानांनी मला भेटतील तितक्या वेळा सांगितलं. जयूच्या गावाहून बाया टेम्पो करून आल्या होत्या. त्या सतरंजीवर अगदी पुढे बसल्या, मधोमध मोठी माय. पोरीवर राग होता तरी पोर आपली होती. जयू काठापदराची साडी नेसली होती, केसांत मोगरा. सोबत पुण्याहून आलेला एक कीबोर्डवाला.

सुरुवात झकास झाली. सिनेमाच्या ढंगाच्या दोन गाण्यांना शिट्ट्या पडल्या. अहिराणीतलं झोक्याचं गाणं तिने धरलं तेव्हा सगळं मैदान गायला लागलं. नाना तर उभे राहून हात हलवत होते. मग मी माइकसमोर गेले आणि मास्तरकीच्या सवयीने गोष्ट सांगितली. एका जुन्या इटालियन ऑपेरातली दासी आहे. तिची राणी मरण पावली आहे. महाल रिकामा आहे आणि दासी एकटीच गाते आहे. एवढं सांगून मी बाजूला झाले.

जयूने समोरचा माइक हाताने लांब सारला. साउंडवाल्या भाऊंनी येऊन तो जवळ केला. तिने पुन्हा सारला. लोक हसले. मग ती गायला लागली आणि हसणं आपोआप विरलं.

सुरुवातीला सूर खाली होता, बोलल्यासारखा. उसाच्या चरकाची घुंगरं ऐकू येत होती. हळूहळू सूर चढला, आणि पार वर गेल्यावर त्यावर एक शब्द आला. माय. मला वाटलं, भास झाला. पुन्हा आला. लांबवर ओढलेला, उतरता उतरता पुन्हा चढणारा. माय... माय...

इटालियनमध्ये हा शब्द आहे, हे मला नंतर कळलं. त्याचा अर्थ, कधीच नाही. दासी म्हणते आहे, कधीच नाही, पुन्हा कधीच दिसणार नाहीस. पण पारोळ्याकडच्या बायांना ते कुठून माहीत असणार? त्यांनी ऐकलं ते अगदी सरळ होतं. वर्षभर न रडलेली पोर चारचौघांत, हेल काढून, आईला हाक मारत होती.

सतरंजीवर हालचाल झाली. "जयू रडी राहिनी वं," कोणीतरी म्हणालं. डोक्यावरचे पदर पुढे ओढले गेले. आणि मोठी माय उठून उभी राहिली. तिने एक हात कानाशी नेला आणि स्टेजकडे तोंड करून हेल दिला.

"तुन्ही वाट दखी दखी गई वं... मन्ही देरानी गई वं..."

तुझी वाट बघून बघून गेली, माझी धाकटी जाऊ गेली. आवाज म्हातारा, पण मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा. त्याला माइक नव्हताच. कीबोर्डवाल्याचे हात थांबले. नाना घाईघाईने तिला खाली बसवायला निघाले आणि अर्ध्या वाटेत उभेच राहिले. मी जयूकडे बघितलं. तिने सगळं पाहिलं होतं. ती थांबली नाही. मोठी मायची ओढ संपेपर्यंत एक श्वास वाट बघितली, आणि मग आपली पुढची ओळ धरली. मग पुन्हा मोठी माय. तिच्या मागोमाग बाकीच्या बाया. एकीकडे कुठल्या तरी राणीची दासी, एकीकडे पारोळ्याच्या रानातल्या बाया, आणि दोहोंच्या मधे तो एक शब्द, ज्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होता.

गाणं संपलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. मागे दुचाकींवर बसलेली मुलंसुद्धा खाली उतरून उभी होती. नानांनी टोपी काढून हातात धरली होती. मला पुढच्या गाण्याची घोषणा करायची होती. जन्मभर बोलून पोट भरलेल्या माझ्या तोंडून, "थोडं पाणी पिऊन घेऊ या," एवढंच निघालं. आणि सगळं मैदान खरोखर पाणी प्यायलं.

टेम्पोत चढण्याआधी बाया एकेक करून जयूपाशी आल्या. तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आते रडनी पोर," आता कुठे पोर रडली, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. "आते तुन्ही माय मोकळी झायी." जयू सगळ्यांपुढे वाकत होती, आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

का, ते मला सकाळी कळलं. आखाजीच्या दिवशी आम्ही दोघी पारोळ्याच्या एसटीत बसलो होतो. गाडी माहेरवाशिणींनी भरलेली. आंब्यांच्या पिशव्या, नव्या बांगड्यांचा आवाज, खिडकीतून तापलेला वारा. जयू म्हणाली, "बाई, मी रडले नाही काल. मी मात्रा मोजत होते. मोठी माय उठली तेव्हाही मी मोजत होते, हिची ओळ संपल्यावर कुठून धरायचं. आणि त्या आज घागर भरणार, पोर रडली म्हणून."

"मग भरू दे ना. त्यांचं समाधान होतंय."

"माझं होत नाही. जे उंबऱ्यावर करणार नव्हते, ते काल माझ्याकडून झालं. मला मोठी मायला सांगायलाच हवं."

मी तिला समजावून पाहिलं. गावाने तुला पुन्हा आपली म्हटलंय, ते स्वतःच्या हाताने का मोडतेस? ती खिडकीबाहेर बघत राहिली. नांगरून टाकलेली काळी रानं मागे पळत होती. मला मनातून भीती वाटत होती. मोठी माय रागावली असती तर त्या घरात जयूचं दुसरं कोणी नव्हतं. वडील तर आई गेल्यापासून मुकेच झाले होते.

गावी पोचलो तेव्हा मोठी माय घराच्या मागच्या पडवीत चुलीशी होती. चुलीवर उपडं घातलेलं खापर तापलेलं, आणि ती पुरणाची पोळी दोन्ही हातांवर फिरवत मोठी करत होती. जयूला बघून तिचा चेहरा फुलला. "ये वं, बस." जयू बसली नाही.

"मोठी माय, तुले एक सांगनं शे," तिने सुरुवात केली, आणि पुढे अहिराणी सापडेना म्हणून शहरी मराठीवर आली. "काल मी रडत नव्हते. ते गाणं होतं. पाठ केलेलं. आणि त्यात 'माय' येतं ते आपलं माय नाही. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, कधीच नाही."

मोठी मायने पोळी खापरावर सोडली. हाताचं पीठ झटकलं.

"कधीच नही?"

"हो."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मंग तेस्नी भाषामा बी बरोबरच शे," ती म्हणाली. त्यांच्या भाषेतही बरोबरच आहे. "गई ती. आते कधीच नही."

बाहेरून पत्ते खेळणाऱ्यांचा आरडाओरडा येत होता.

"आनि गानं व्हतं, हाई माले बी समजनं. मी काय येडी शे का?" मोठी माय पुढे म्हणाली. "इतल्या मयतमा रडनू मी. बठ्ठासाठे काय डोयाले पानी येस? सूर धरना पडस. तू सूर धरा, मी हेल दिधा. झायं." सगळ्यांसाठी काही डोळ्यांत पाणी येत नाही, सूर धरावा लागतो; तू धरलास, मी हेल दिला, झालं. तिने हे सांगितलं ते एका गाणारीने दुसरीला सांगावं तसं, सहज. मग पुढे सरकून आवाज खाली आणून म्हणाली, "पन एक सांग वं. तू दम कोठे लेस? इतला लांब सूर, आनि दम लेताना दिखनीच नही."

जयूला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी तिला असं हसताना पाहत होते. ती खाली बसली, मोठी मायचा पिठाचा हात धरून तिने आपल्या फासळ्यांवर ठेवला. "इथे. इथून खाली. फासळ्या उघड्या ठेवायच्या. श्वास आत घ्यायचा आणि लगेच सोडायचा नाही. सोपं आहे गं. आई मला शेतातून हाक मारायची ना, पार नाल्यापलीकडून? ती पण इथूनच..."

आणि तिथे तिचा श्वास सुटला.

त्या रडण्याला चढ नव्हता, उतार नव्हता. नाक वाहत होतं, उचकीवर उचकी लागत होती, एक शब्द धड बाहेर येत नव्हता. जिच्या आवाजाने काल मैदान गप्प झालं, तिचा आवाज त्या पडवीच्याही बाहेर गेला नसेल. मोठी मायने तसंच पिठाच्या हातांनी तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं. खापरावरची पोळी करपायला लागली होती. मी ती उतरवली, कारण मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"हाई काय रडनं शे वं!" तिच्या पाठीवरून हात फिरवत मोठी माय म्हणाली. "ना सूर, ना ताल. कोनले दखाडू नको, तुन्हं नाव खराब व्हई."

आणि असं म्हणता म्हणता तिचाही सूर गेला.